बेचाळीस मिनिटं ऊन

दोनदा गुलाब मेले तेव्हा कमिटीनं मला विचारलं.
आधी नाही.
आधी मोघ्यांनी बारा कलमं आणवली होती,
त्यांना कळ्यांऐवजी उंच पिवळट काड्या आल्या,
कुणी बसा म्हणालं नाही म्हणून
दारातच ताटकळलेल्या पाहुण्यांसारख्या.
लॉन तर आठ दिवसांत सोलपटागत निघालं.
मोघे म्हणाले, फांद्या छाटू, महापालिकेत अर्ज टाकू.
मी म्हटलं, अर्ज राहू दे. मला एक खुर्ची द्या.

सत्तावीस वर्षं मी फोर्टातल्या एका फोटो लॅबमध्ये
लाल दिव्याखाली कागद धुतले.
काळोख एकच नसतो, हे तिथं कळलं.
चार सेकंदांचा असतो, अकरा सेकंदांचा असतो,
आणि मधे राखाडीच्या इतक्या पायऱ्या
की उतरता उतरता गुडघे दुखावेत.

तर बसले, चेंबूरच्या आमच्या सोसायटीत,
विलायती शिरिषाखाली, सकाळी सातपासून, वही घेऊन.
आठ दहाला
बी आणि सी विंगच्या फटीतून ऊन तिरकं आत आलं,
पाण्याच्या मीटरावरून, डायसांच्या स्कूटरच्या सीटवरून सरकत
आठ बावन्नला भिंतीवर चढलं, गेलं.
बेचाळीस मिनिटं.
पुढं दिवसभर नुसती चाळण.
वहीत मी लिहिलं : दुपारी दोन, खोडाशी,
अकरा सेकंद.

सोमारूनं पहार मारली, ती उसळून परत आली. मूळ.
मी म्हटलं, पहार ठेव. खुरपं घे.
मूळ लागलं की तिथून बाजूला हो,
रात्री पाणी प्यायला उठल्यावर
झोपलेल्यांच्या पायांमधून जातोस ना, तसा.

गोवंडीच्या रस्त्याला गुणाबाईची नर्सरी.
गुलाबांचं ऐकून ती हसलीच.
"सावली वाईट नाय बाय. सावलीत मागनं कमी ठेवायचं."
आणि फुलं?
"फुलांचं मागून बघू. पानांत काय कमी हाय?"

नेचे दिले तिनं, ओल्या गोणपाटात गुंडाळून.
सिंगोनियम दिला, त्याच्या पानावरचा पांढरा
ट्रेमधल्या कागदावर उजळत जाणाऱ्या गालासारखा.
वडीचं अळू. खोडाला चढवायला मिरवेल.
सोनटक्क्याचे दोन कंद,
ते मात्र मी बेचाळीस मिनिटांच्या वाटेवरच लावले.
अबोलीला जागा नव्हती. तरी घेतली.

पहिल्या उन्हाळ्यात पाच गेली.
खालचं पाणी शिरीष आधी पितो, मग बाकीचे;
मोठ्या घरात हे असंच असतं, मी थोरली सून, मला ठाऊक.
मग आम्ही त्याचाच पाचोळा त्याच्याखाली पसरला,
झाडूवाल्याशी भांडून.
अळू मात्र असं माजलं
की मोघे आता सकाळी कात्री घेऊन येतात,
अर्जाचं बोलत नाहीत.
वड्यांचं एक ताट आमच्याकडे येतं. झाकून.

खोडाभोवती हातभर जागा मोकळीच ठेवलीय.
तिथं काहीही लागत नाही. चार वेळा लावून पाहिलं.
आता रात्रपाळीचा वॉचमन तिथं चपला काढतो.

संध्याकाळी साडेसहाला शिरीष पानं मिटतो
आणि वर एकदम आकाश दिसतं,
इतकं मोठं, इतकं उशिरा,
रोपांच्या कामाचं त्यात काही उरलेलं नसताना.
मला त्याचा अजून राग येतो.
तेहमटनशेठ असेच, सगळे प्रिंट धुऊन झाल्यावर
विचारायचे, दिवा लावू का?

अबोलीला यंदा एक तुरा आलाय.
एकच, आणि थोडा फिका.
बघायचा असेल तर आठ दहाला या.